ईस्टरचा केक आणि वाळूची भट्टी

पुनरुत्थानाच्या सणास ख्रिस्ती घरांत कांहीं तरी गोड व्हावें, हें सर्वांस मान्य आहे. परंतु तें गोड कोणतें असावें, याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांत अलीकडे एक चमत्कारिक समजूत रूढ होत चालली आहे. वर्गांत हा विषय निघाला असतां कित्येक मुलें म्हणतात कीं, आमच्या घरीं खरा ईस्टर केक होत नाहीं. आई पातेल्यांत भाजते तो साधाच असतो. खरा म्हणजे कोणता, असें विचारावें तर बेकरीच्या कांचेच्या कपाटांत ठेवलेला, ज्याच्यावर पांढऱ्या साखरेची वेलबुट्टी काढलेली असते तो! घरचा केक तपकिरी, वर भेग पडलेला. तो पाहुण्यांपुढें ठेवण्यासही कांहीं घरांत आतां संकोच वाटूं लागला आहे. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील चुलींवर तयार होणाऱ्या या केकाविषयीं आमचें मत अगदीं निराळें आहे. तें कां, हें सांगावयाचें म्हणजे थोडें पंचांग, थोडा इतिहास व पुष्कळसें पदार्थविज्ञान यांचा आधार घ्यावा लागेल.

ईस्टरची तारीख दरवर्षीं बदलते. इ. स. ३२५ मध्यें निकीया येथें भरलेल्या धर्मसभेनें हा सण सर्व मंडळ्यांनीं एकाच रविवारीं पाळावा असें ठरविलें. पुढें रूढ झालेला नियम असा कीं, २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून हा सण २२ मार्चच्या आधीं कधीं येत नाहीं व २५ एप्रिलच्या पलीकडे कधीं जात नाहीं. १९४३ सालीं तो अगदीं शेवटच्या तारखेस आला होता. तसा तो पुन्हां २०३८ सालीं येईल. आमच्या पंचांगाच्या भाषेंत बोलावयाचें तर होळीची पौर्णिमा किंवा चैत्री पौर्णिमा, यांपैकीं एकीच्या मागोमाग ईस्टर असतो. २०२३ सालीं हनुमान जयंतीनंतर तीनच दिवसांनीं, ९ एप्रिलला, तो आला. २०२४ सालीं होळीच्या पुढील रविवारीं, ३१ मार्चला.

आतां या दिवसांत आमच्या मुलखांत घरांत काय असतें तें पाहा. गव्हाची कापणी व मळणी होऊन नवा गहूं नुकताच घरांत आलेला असतो. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी या दोन्ही तालुक्यांत फिरलें तेव्हांपासून बागाइती पट्ट्यांत ऊंस आला, उंसाबरोबर गुऱ्हाळें आलीं, आणि बारामतीच्या बाजारपेठेचें नांव गुळासाठीं दूरवर झालें. पुढें वालचंदनगर, माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथें साखरेचे कारखाने उभे राहिले. उंसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व उन्हाळ्याच्या तोंडाशीं संपतो. म्हणजे ईस्टरच्या वेळीं गूळ नवा असतो व मुबलक असतो. कालव्याच्या वरच्या अंगास जीं जिराइती गांवें आहेत, त्यांस ज्वारीच अधिक परिचयाची. तेथें गव्हाचें पीठ हीच सणाची वस्तु. एकूण काय, नवा गहूं, नवा गूळ व घरच्या कोंबडीचीं अंडीं, हें ईस्टरचें साहित्य आमच्या ऋतूनेंच आमच्या हातीं ठेवलेलें आहे.

अंड्यांची गोष्ट मात्र जराशी लांबून आलेली आहे. ईस्टरपूर्वीं रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. मध्ययुगांतील युरोपांत या काळांत मांस तर वर्ज्य असेच, पण बहुतेक ठिकाणीं दूध, लोणी व अंडीं हींही वर्ज्य असत. कोंबड्यांस हा नियम कोण सांगणार? वसंत ऋतु लागला कीं त्या अधिकच अंडीं घालतात. तेव्हां उपवास सुटण्याच्या दिवशीं घरोघर अंड्यांचा सांठा झालेला असे, आणि तो सत्कारणीं लावण्यासाठीं अंडीं-लोणी घालून समृद्ध केलेली भाकर भाजण्याची चाल पडली. ग्रीक लोक वेणीसारख्या विणलेल्या गोड पावांत तांबडें रंगविलेलें अंडें खोंचतात. रशियांत उंच टोपीसारखा पाव करितात. इटलींत तो कबुतराच्या आकाराचा असतो. इंग्लंडांतील सिम्नेल नांवाच्या केकावर बदामाच्या पिठाचे अकरा गोळे ठेवितात. बारा शिष्यांतून यहूदा इस्कार्योत वगळला म्हणजे अकरा उरतात. आमच्या देशांत गोंव्याकडे व वसई-मुंबईकडे बदामाच्या जागीं काजू आला आणि काजूच्या पिठाचीं रंगीत अंडीं होऊं लागलीं. केरळांतील सुरियानी ख्रिस्ती घरांत तर याच आठवड्याच्या गुरुवारीं रात्रीं तांदुळाची बेखमीर भाकर होते व कुटुंबांतील वडील माणूस ती मोडून सर्वांस देतो.

बेखमीर शब्द आला म्हणून एक आड गोष्ट सांगतों. कोंकणांतील बेने इस्राएल लोकांची मातृभाषा मराठी. त्यांनीं आपल्या वल्हांडणाच्या सणास 'आंबट रसाचें भांडें झांकून ठेवण्याचा सण' अशा अर्थाचें अस्सल मराठी नांव दिलें होतें. खमीर घराबाहेर काढण्याची मूळ आज्ञा कोंकणांतील स्वयंपाकघरांत शिरतांच आंबणाच्या भांड्यावर कशी येऊन ठेपली, हें पाहण्यासारखें आहे. सण प्रवास करितो तेव्हां तो ज्या घरीं उतरतो त्या घरचींच भांडीं वापरतो. वर सांगितलेल्या इतक्या देशांत ईस्टरचें पक्वान्न एक नाहीं, आणि त्यांपैकीं एकही पक्वान्न शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. तेव्हां बेकरींतला केक तेवढा खरा व बाकीचे खोटे, हें म्हणणें टिकत नाहीं.

भाजलेल्या पदार्थांचा पुणें जिल्ह्यांतील इतिहास मात्र केवळ चवीचा नाहीं. पाव हा शब्दच पोर्तुगीज भाषेंतून आला, आणि पाव-बिस्किटें हीं परधर्मीयांचीं खाणीं मानलीं जात. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें झालेल्या सभेस न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक प्रभृति मंडळी गेली असतां त्यांच्यापुढें चहा व बिस्किटें आलीं. तेवढ्यावरून शहरांत केवढें वादळ उठलें, ग्रामण्य होऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत कसें गेलें व प्रायश्चित्ताचा वाद कसा माजला, हें इतिहासाच्या पुस्तकांत आहे. पुण्यांतील थोरांची ही कथा, तर खेड्यांतील गरीब ख्रिस्ती कुटुंबाची काय असेल? बारामतीस ऑस्ट्रेलियांतील चर्चेस ऑफ ख्राइस्ट या मंडळ्यांच्या मिशनचें काम विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झालें. या भागांतील मंडळींत आलेल्यांपैकीं पुष्कळ कुटुंबें अशीं होतीं कीं, त्यांच्या हातचें पाणी गांवांत कोणी घेत नसे. सणाच्या दिवशीं शेजारीं कांहीं पाठवावयाचें तर शिजविलेलें चालत नसे. फार तर कोरडा शिधा. हें आमच्या मुलांनीं विसरूं नये. आज ईस्टरला घरचा केक शेजारच्या घरीं जातो व तेंच ताट दिवाळींत करंज्या घेऊन परत येतें, यामागें किती काळ गेला आहे! आणि ज्या घरांत सणालाही साखर येत नसे, तेथें गूळ घालून केक झाला. त्याचा तपकिरी रंग येथून आला.

केक ही वस्तु आमच्या लोकांनीं प्रथम मिशनच्या बंगल्यांत पाहिली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु बंगल्यांतील ओव्हन घरीं कोठून आणणार? येथें आमच्या बायांनीं जी युक्ति योजली ती कोणत्याही बंगल्यांतून आलेली नव्हती. बाजाराच्या दिवशीं भडभुंजा काय करितो? कढईंत वाळू तापवितो, तींत हरभरे टाकितो, आणि दाणा न करपतां आंतपर्यंत फुलून येतो. तीच वाळू पातेल्यांत आली, चुलीवर चढली, आणि तिच्यावर केकाचा डबा बसला. पुस्तकांत याला कोणी भट्टी म्हणणार नाहीं, पण भट्टीचें सर्व काम ती करिते.

तें कसें, हें आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. पाणी शंभर अंशांवर उकळतें. केक भाजण्यास त्याच्या भोंवतीं सुमारें १८० अंश शतांश उष्णता लागते, आणि ती चोहोंकडून सारखी लागते. नुसत्या पातेल्यास खालून जाळ लागला तर बूड एकाच जागीं तापतें, तेथें पीठ करपतें व वर कच्चें राहतें. वाळूच्या कणांमध्यें हवा असते, म्हणून ती उष्णता झटकन पुढें जाऊं देत नाहीं. सावकाश तापते, परंतु एकदां तापली म्हणजे ती उष्णता धरून ठेविते व सर्व बाजूंनीं हळूहळू सोडिते. चुलींतला जाळ कमीजास्त झाला तरी डब्यास त्याची फारशी खबर लागत नाहीं. आतां प्रश्न वरच्या बाजूचा. त्यासाठीं झांकणावर निखारे ठेवितात. जुन्या बायांचा नियम असा कीं, खालीं विस्तव थोडा, वर अधिक. आज पुष्कळ घरीं गॅसची शेगडी आहे व निखारे मिळत नाहींत. तेथें लोखंडी तवा लालसर तापवून झांकणावर ठेवावा व निवाला कीं बदलावा. कित्येक घरांत वाळूऐवजीं जाडें मीठ वापरतात, तेंही उत्तम. कोणी प्रेशर कुकर वापरीत असेल तर त्याची शिट्टी व रबराची कडी काढल्यावांचून त्यांत कोरडी वाळू कदापि तापवूं नये. पातेलें जाड बुडाचें घ्यावें. पातळ ॲल्युमिनियमचें कोरडें तापवून खराब होतें.

वाळू नदीची घ्यावी, चाळावी, तीन-चार पाण्यांनीं धुवावी व उन्हांत खडखडीत वाळवावी. ती एकदां केली म्हणजे वर्षानुवर्षें चालते. पातेल्यांत दोन-तीन बोटें थर देऊन मध्यें एखादी लोखंडी कडी ठेवावी, झांकण लावून पंधरा ते वीस मिनिटें तापूं द्यावी, आणि मगच केकाचें पीठ कालवावयास घ्यावें. हा क्रम उलटा झाला कीं केक बसलाच. याचें कारण पुढें येईल.

साहित्य आम्ही वजनानें देतों, कारण प्रत्येक घरची वाटी निराळी. बारीक रवा १५० ग्रॅम, वस्त्रगाळ केलेलें गव्हाचें पीठ १०० ग्रॅम, किसलेला गूळ १७५ ग्रॅम, साजूक तूप १०० ग्रॅम, गोडसर ताजें दहीं १५० ग्रॅम, अंडीं दोन, खाण्याचा सोडा अर्धा चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, पांच-सहा वेलदोडे व थोडें जायफळ. दूध लागेल तसें, पाव वाटीच्या आंत. प्रथम रवा दह्यांत अर्धा तास भिजत ठेवावा. परातींत तूप घेऊन तें तळहातानें फेसावें. एप्रिलच्या उन्हाळ्यांत तूप पातळ असतें, म्हणून परात थंड पाण्यावर ठेवावी, किंवा चमचाभर अगदीं गार पाणी मधून मधून घालीत जावें. तूप पांढरें व हलकें झालें म्हणजे त्यांत हवा शिरली असें समजावें. मग गूळ घालून पुन्हां फेसावें, एक एक अंडें फोडून मिळवावें, भिजलेला रवा, मीठ व वेलदोड्याची पूड घालावी. पीठ व सोडा एकत्र चाळून अगदीं शेवटीं घालावें, आणि हलक्या हातानें, पीठ दिसेनासें होईपर्यंतच कालवावें. फार घोटलें तर गव्हांतील चिकट तंतु ताणून केक चामट होतो. घरच्या दळणांत कोंडा असतो व तो हे तंतु तोडतो, त्यामुळें केक फुगत नाहीं. म्हणून पीठ वस्त्रगाळ करावयाचें.

सोडा शेवटीं कां? दह्यांत आम्ल आहे, गुळांतही किंचित् आहे. आम्लाशीं गांठ पडतांच सोड्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु निघूं लागतो. ह्या वायूचे बुडबुडे पिठांत अडकले व ते तेथें असतांनाच उष्णतेनें पीठ घट्ट झालें, तर केक हलका होतो. वाळू तापायची आहे म्हणून कालवलेलें पीठ बाजूस ठेवून दिलें तर वायु उडून जातो, आणि उरतो तो शिरा! तेव्हां सोडा पडल्यापासून डबा आंत जाईपर्यंत गप्पा मारूं नयेत. तूप लावून पीठ भुरभुरलेला डबा निम्म्याहून थोडा अधिक भरावा व कडीवर ठेवावा. पाऊण तासापर्यंत झांकण उघडूं नये. मग दाभण किंवा विणकामाची सुई मध्यें खुपसून पाहावी. कोरडी निघाली कीं झाला. बहुधा पन्नास मिनिटें पुरतात.

आतां त्या भेगेविषयीं. डब्यांतील पीठ कडेनें आधीं घट्ट होतें, वरची साय धरते, आणि मधला भाग सर्वांत शेवटीं तापून फुगतो. तो वर येतांना साय फाटते, ती भेग. म्हणजे केक आंतून नीट फुगला याची ती साक्ष आहे. बेकरींतला केकही बहुधा मध्यें फुगून वर आलेला असतो. तो उंचवटा सुरीनें सपाट कापून टाकितात व वर साखरेचा लेप देतात, म्हणून गिऱ्हाइकास दिसत नाहीं. ज्या मुलांस आईच्या केकाच्या भेगेची लाज वाटते, त्यांनीं हें एकदां डोळ्यांनीं पाहून यावें.

बेकरीशीं आमचें वैर आहे असें मात्र कोणी समजूं नये. घरचें साहित्य घेऊन भट्टीवर जाण्याची रीत आमच्या भागांत पुष्कळ वर्षें चालत आली व कांहीं ठिकाणीं अद्याप आहे. मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बाया व मुलें सणापूर्वीं बेकरींत जातात, तेथेंच नानकटाईचें पीठ मळतात, पत्र्यांवर गोळे मांडतात, आणि भट्टीवाला ते भाजून देतो. मजुरी काय ती द्यावयाची. विटांच्या जुन्या भट्टीचा एक गुण असा कीं, लाकूड जाळून ती तापवितात व मग उष्णता उतरत जाते. पहिल्या कडक उष्णतेंत पाव निघतो. नानकटाई व केक यांस मागाहूनची मंद उष्णता मानवते. म्हणून अनुभवी बाया पाव निघाल्यानंतरची वेळ विचारून जातात. आपला पत्रा ओळखूं यावा म्हणून एखाद्या गोळ्यावर बोटाची खूण, एखाद्यावर चारोळी, असे संकेत ठरलेले असतात, तरीही डबे अदलाबदल होऊन भांडणें होतात तीं होतातच. करंज्या, शंकरपाळे हे तळणाचे पदार्थ ईस्टरलाही होतात, परंतु नाताळच्या थंडींत जे पंधरा दिवस टिकतात ते या उन्हांत लवकर खवट होतात, बेताचेच करावे.

उन्हाळ्याचा दुसरा फटका अंड्यांस बसतो. आमच्याकडे या दिवसांत पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि उपवासकाळांत सांठविलेलें अंडें दिसण्यांत जसेंच्या तसें असलें तरी आंतून बिघडलेलें असूं शकतें. त्याची परीक्षा सोपी आहे. अंडें पाण्यांत सोडावें. ताजें असेल तर तळाशीं आडवें पडेल. जुनें असेल तर उभें राहील. पार वर तरंगलें तर टाकून द्यावें. कवचांतील बारीक छिद्रांतून आंतलें पाणी उडून जातें व त्याच्या जागीं हवेची पोकळी वाढते, म्हणून असें होतें. शिवाय प्रत्येक अंडें आधीं वेगळ्या वाटींत फोडावें, नाहीं तर एका अंड्यापायीं परातभर तूप-गूळ वायां जातो.

आमच्या विद्यार्थ्यांस या सुट्टींत एक काम सुचवावेंसें वाटतें. ज्या घरांत आजी किंवा आत्या हा केक करितात, त्या कधींही मोजमाप सांगत नाहींत; 'अंदाजानें घाल' म्हणतात. तो अंदाज त्यांच्या हातांत आहे, कागदावर नाहीं.  तेव्हां त्या कालवीत असतां जवळ तराजू घेऊन बसावें, मूठ परातींत पडण्यापूर्वीं तिचें वजन करावें, वाळू किती वेळ तापली तें घड्याळांत पाहावें व वहींत लिहावें. त्या रागावतील, तरी लिहावें. मुलींनींच नव्हे, मुलांनींही. निखारे उचलण्याचें व वाळू चाळण्याचें काम त्यांस चांगलें जमतें.

गुळाचा केक शनिवारीं संध्याकाळीं भाजावा. गरम असतांना तो कापूं नये, तुकडे पडतात. रात्रभर स्वच्छ फडक्याखालीं निवूं दिला म्हणजे कडेचा कोरडेपणा व मधला ओलावा सारखा होतो, आणि रविवारीं पहांटेच्या उपासनेहून घरीं येईपर्यंत तो सुरीस नीट लागतो. या हवेंत तीन दिवस राहतो. दह्यामुळें त्यापुढें आंबूस वास येऊं लागतो. गुळास मुंग्या फार, म्हणून ताट पाणी भरलेल्या परातींत वाटी उपडी घालून तीवर ठेवावें.